नातीचं ‘दूध’ आणि आजीचं ‘दूध’

तुमच्या घरात अमेरिकेत वाढणारं मूल असेल तर आज रात्री जेवताना त्याला चार शब्द म्हणायला सांगा: ‘दूध’, ‘तूप’, ‘खूप’ आणि ‘फूल’. कशासाठी ते सांगू नका. फक्त कान देऊन ऐका.

आमच्याकडे हा प्रयोग न ठरवताच झाला. साताऱ्याला आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. आमची नऊ वर्षांची लेक म्हणाली, “आजी, मी दूध संपवलं.” आई कौतुकाने हसली आणि म्हणाली, “अगं, द्यूध काय? दूध म्हण, दूध!” मागे बसलेल्या चुलत भावंडांना तेवढं पुरे झालं. पुढची पाच मिनिटं ‘द्यूध, द्यूध’ चाललं होतं. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. पण पुढच्या रविवारी लेक आजीला म्हणाली, “मी मिल्क संपवलं.”

भाषा सोडून द्यायला मुलांना फार मोठं कारण लागत नाही. म्हणून हा लेख.

आधी मलाही वाटलं होतं की हिला ‘ऊ’ नीट येत नाही. पण मग लक्ष देऊन ऐकलं. तिचं ‘खूप’ जवळजवळ आपल्यासारखंच होतं. ‘फूल’मधला ‘ल’ इंग्रजी वळणाचा होता, पण ‘ऊ’ शाबूत होता. ‘दूध’, ‘तूप’, ‘सून’ यांच्यात मात्र काहीतरी वेगळं ऐकू येत होतं. म्हणजे तिला ‘ऊ’ येत होता. बिघडत होता तो ‘द’, ‘त’, ‘स’ यांच्या शेजारचा ‘ऊ’. चूक इतकी शिस्तशीर असेल तर ती निष्काळजीपणातून आलेली नसते, तिच्यामागे काहीतरी नियम असतो.

तोंडातला नकाशा

स्वर म्हणताना हवा कुठेही अडत नाही. मग ‘ई’ आणि ‘ऊ’ वेगळे का ऐकू येतात? कारण दोन गोष्टी बदलतात: जीभ कुठे आहे आणि ओठ कसे आहेत.

आरशासमोर उभे राहा आणि लांब ‘ई’ म्हणा. जीभ पुढे टाळूजवळ गेलेली असते, ओठ पसरलेले असतात. आता लांब ‘ऊ’ म्हणा. जीभ मागे सरकते आणि ओठांचा चंबू होतो. आपल्या व्याकरणपरंपरेने ‘इ, ई’ला तालव्य म्हटलं आणि ‘उ, ऊ’ला ओष्ठ्य. गंमत बघा, ‘ऊ’चं नाव ठेवताना फक्त ओठांची दखल घेतली गेली. जीभ मागे आहे हे सांगायची गरज पडली नाही, कारण आपल्या भाषेत ओठ गोल झाले की जीभ मागे असतेच.

पण तसं असायलाच हवं असं नाही. ओठ गोलच ठेवा आणि जीभ हळूहळू पुढे सरकवा. अगदी पुढे, ‘ई’च्या जागेपर्यंत नेलीत तर फ्रेंच किंवा जर्मन शिकलेल्यांच्या ओळखीचा तो ‘ई आणि ऊ एकत्र’ असा स्वर येतो. तिथे पोहोचण्याआधी, अर्ध्या वाटेवर थांबलात, तर जो स्वर येतो तो आजच्या लेखाचा नायक: गोल ओठांचा मध्यस्वर. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत त्याच्यासाठी वेगळी चिन्हं आहेत. जीभ वर असेल तर रोमन यू आणि त्यावर आडवी रेघ, जीभ थोडी खाली असेल तर रोमन ओ आणि त्याच्या पोटातून आडवी रेघ. रेघ म्हणजे ‘जीभ मधोमध आणा’ अशी खूणच समजा.

आमच्या लेकीचा ‘दूध’मधला ‘ऊ’ नेमका तिथे आहे. तिचे ओठ आजीसारखेच गोल आहेत, फक्त जीभ अर्ध्या वाटेवर आहे. देवनागरीत या जागेला अक्षर नाही, म्हणून आजीच्या कानाने त्यातल्या त्यात जवळचं ‘द्यू’ निवडलं.

कुजबुजून ऐका

जीभ कुठे आहे हे दिसत नाही, पण ऐकू येतं. आवाज न काढता नुसतं कुजबुजत म्हणा: ‘ई… ऊ… ई… ऊ…’. कुजबुजीत गळ्याचा सूर नसतो, तरीही ‘ई’ उंच आणि ‘ऊ’ खोल ऐकू येतो ना?

नळाखाली घागर भरताना आवाज चढत जातो, कारण पाणी वर येतं तशी आतली हवेची जागा लहान होत जाते. तोंडातही तसंच आहे. ‘ई’ म्हणताना जीभ पुढे असल्यामुळे तिच्यापुढची पोकळी लहान असते, म्हणून सूर उंच. ‘ऊ’ म्हणताना जीभ मागे गेल्याने पोकळी मोठी होते, आणि ओठ गोल होऊन पुढे आल्याने ती आणखी लांब आणि तोंडाशी अरुंद होते, म्हणून सूर खोल. शास्त्रज्ञ अशा घुमणाऱ्या सुरांना फॉर्मंट म्हणतात. कुजबुजीत आपल्याला प्रामुख्याने जाणवतो तो दुसरा फॉर्मंट.

हा मोजता येतो. १९५२ साली न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमधल्या गॉर्डन पीटरसन आणि हॅरल्ड बार्नी यांनी ७६ स्त्री-पुरुष आणि मुलांकडून १० इंग्रजी शब्द प्रत्येकी दोनदा वदवून घेतले आणि त्यांचे फॉर्मंट मोजले. पुरुषांमध्ये ‘ई’चा दुसरा फॉर्मंट सरासरी २२९० हर्ट्झ निघाला, ‘ऊ’चा ८७०. या दोन टोकांच्या मध्ये केवढी मोकळी जागा आहे बघा. आपला नायक तिथेच राहतो.

तो इतका दुर्मीळ का?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत इयन मॅडिसन यांनी जगातल्या ३१७ भाषांच्या ध्वनींची यादी जमवून १९८४ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्यात दिसलं की जीभ पुढे असलेल्या स्वरांपैकी सुमारे ९४ टक्के स्वरांत ओठ गोल नसतात, आणि जीभ मागे असलेल्या स्वरांपैकी जवळजवळ तितक्याच टक्क्यांत ते गोल असतात. मराठी या बाबतीत अगदी बहुमताच्या बाजूची.

कारण वरच्या घागरीत आहे. जीभ मागे नेली की सूर खाली येतो, ओठ गोल केले की आणखी खाली येतो. दोघं एकाच दिशेने ओढतात, त्यामुळे ‘ऊ’ हा ‘ई’पासून जास्तीत जास्त लांब जातो आणि गोंगाटातही ओळखता येतो. १९७२ मध्ये योहान लिल्येनक्रांट्स आणि ब्यर्न लिंडब्लुम या स्वीडिश संशोधकांनी संगणकावर दाखवलं की स्वर एकमेकांपासून शक्य तितके दूर राहतात एवढाच नियम धरला, तरी जगातल्या बऱ्याच भाषांच्या स्वररचनेचा अंदाज बांधता येतो. अंगणात खेळणारी मुलं पांगतात, तसे स्वर पांगतात. गोल ओठांचा मध्यस्वर मात्र मैदानाच्या मधोमध उभा असतो, त्याला दोन्ही बाजूंची गर्दी होते.

तरीही तो आहे, आणि अनपेक्षित ठिकाणी आहे. स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोक घराला ‘हूस’ म्हणतात तेव्हा त्यांचा ‘ऊ’ हाच. कॅन्टोनीजमध्ये वसंत ऋतूच्या शब्दात तो आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये भाजी घेतली असेल तर तो तुमच्या कानावरून गेला असणार. मंगोलियन लिपीत, म्हणजे त्यांच्या सिरिलिक लिपीत, त्याच्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे आणि ते ध्वनिलिपीतल्या ‘रेघेच्या ओ’सारखंच दिसतं. ताजिक भाषेत डोंगराला जो शब्द आहे त्यातही तोच स्वर. हा शब्द आपल्यालाही ठाऊक आहे, ‘कोहिनूर’मधला ‘कोह’! प्रकाशाच्या डोंगरातला डोंगर ताजिकिस्तानात मध्यस्वराने उच्चारला जातो.

आणि एक उदाहरण आपल्या देशातलं. निलगिरीतल्या टोडा समाजाच्या भाषेतही गोल ओठांचा मध्यस्वर आहे. १९३०च्या दशकात मरी एमेनो यांनी तिथे राहून या भाषेचा अभ्यास केला. पुढे तेच बर्कलीच्या भाषाशास्त्र विभागाचे संस्थापक झाले. नंतर लॉस एंजेलिसचे पीटर लॅडफोगेड यांनीही टोडा ध्वनींवर काम केलं. ‘माय फेअर लेडी’ चित्रपटाला उच्चारशास्त्राचा सल्ला देणारे लॅडफोगेड ते हेच. २००६ मध्ये भारतातल्या संशोधनदौऱ्यावरून परतताना त्यांचं निधन झालं.

‘माय फेअर लेडी’ ज्या शॉच्या नाटकावर बेतला, त्यावरूनच पु. लं.नी ‘ती फुलराणी’ लिहिलं. उच्चार ‘सुधारण्याच्या’ भरात माणसाचं काय होतं, हा त्या नाटकातला प्रश्न आपल्या लेखाशीही थेट जोडलेला आहे.

अमेरिकेचा ‘ऊ’ चालायला लागला

आता प्रश्न असा की साताऱ्याच्या नातीच्या तोंडी हा स्वर आला कुठून? उत्तर: शाळेतून, मैत्रिणींकडून, शेजारून. कारण अमेरिकन इंग्रजीचा ‘ऊ’ गेल्या काही दशकांत तोंडात पुढे सरकला आहे.

१९८७ मध्ये बर्कलीतल्या लिअ‍ॅन हिंटन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॅलिफोर्नियाच्या बदलत्या स्वरांवर निबंध लिहिला. समुद्रकिनाऱ्यावरचा तरुण ‘डूड’ म्हणतो तेव्हा ते ‘ड्यिऊड’सारखं ऐकू येतं, ही नक्कल तुम्हीही ऐकली असेल. पण हे फक्त कॅलिफोर्नियाचं खूळ नाही. विल्यम लबॉव्ह, शॅरन अ‍ॅश आणि चार्ल्स बोबर्ग यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या शहरांमधल्या लोकांशी फोनवर बोलून ‘उत्तर अमेरिकन इंग्रजीचा अ‍ॅटलास’ तयार केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ७६२ लोकांपैकी ४३९ जणांचे स्वर यंत्राने मोजले गेले. त्यांना दिसलं की ‘टू’, ‘डू’, ‘सून’ अशा शब्दांतला ‘ऊ’ खंडाच्या बहुतेक भागात पुढे आला आहे. ठळक अपवाद म्हणजे न्यू इंग्लंडचा काही भाग आणि मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडचा पट्टा. म्हणजे मिलवॉकीतल्या मराठी घरापेक्षा डॅलस किंवा शार्लटमधल्या घरात ‘द्यूध’ ऐकू येण्याची शक्यता जास्त.

पण ‘स्कूल’, ‘पूल’, ‘कूल’ यांच्यातला ‘ऊ’ बहुतेक ठिकाणी मागेच राहिला आहे. आठवतंय? आमच्या लेकीचं ‘फूल’ही शाबूत होतं.

दोष ‘द’चा

‘द’ म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं. ‘त’, ‘स’, ‘न’ म्हणतानाही जीभ पुढेच असते. लगेच पुढच्या क्षणी ‘ऊ’साठी तिला मागे पळायचं असतं. भरभर बोलताना ती पूर्ण मागे पोहोचतच नाही. ठाण्याला उतरायचं आणि मुलुंडलाच उडी मारली, असं काहीसं. हे आपल्या सगळ्यांच्या बोलण्यात होतं, आजीच्याही.

मग आजीला स्वतःचा ‘ऊ’ सरकलेला का जाणवत नाही? कारण ऐकणारा मेंदू हिशेब करतो: “शेजारी ‘द’ आहे, म्हणून ‘ऊ’ थोडा पुढे आला, पण म्हणायचं होतं ‘ऊ’च.” बर्कलीचे जॉन ओहाला यांनी १९८१ मध्ये मांडलेली कल्पना अशी की काही वेळा ऐकणारा, विशेषतः भाषा शिकणारं मूल, ही वजाबाकी करत नाही. पुढे आलेला ‘ऊ’ म्हणजेच खरा ‘ऊ’ असं ते धरून चालतं आणि मुद्दाम तसाच म्हणतं. एका पिढीची घाई पुढच्या पिढीचा नियम होते. जर्मनीतले जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दक्षिण इंग्लंडच्या लोकांवर हे तपासलं. तिथेही ‘ऊ’ पुढे सरकतोय, आणि तरुण ऐकणारे ही वजाबाकी वयस्कांपेक्षा कमी करतात असं आढळलं. त्यांच्या नंतरच्या अभ्यासात हेही दिसलं की हा बदल जिभेचा आहे, ओठांचा नाही.

‘खूप’मध्ये हे फारसं का होत नाही? ‘ख’ म्हणताना जीभ आधीच मागे असते. ‘फ’ ओठांनी म्हणतात, त्यात जीभ मोकळीच असते. आणि ‘फूल’च्या शेवटी अमेरिकन वळणाचा जड ‘ल’ जिभेचा मागचा भाग खेचून धरतो. नऊ वर्षांच्या पोरीने एकही पुस्तक न वाचता हे सगळे नियम पाळले होते!

एका घरात दोन ‘ऊ’

तर मग करायचं काय? “बदल नैसर्गिक आहे, सोडून द्या” असं म्हणून मोकळं होता येईल. पण आजीचा ‘ऊ’ मुलांना यावा असं मला वाटतं, आणि तो येऊ शकतो.

अडचण कुठे असते हे जेम्स फ्लेगे यांच्या १९८७च्या प्रयोगातून कळतं. फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकनांना फ्रेंचमधला ‘ई-ऊ’ असा अगदी नवा स्वर चांगला जमत होता, पण फ्रेंचचा साधा ‘ऊ’ मात्र ते आपल्या इंग्रजी ‘ऊ’सारखाच पुढे म्हणत होते. नवी गोष्ट कान वेगळी म्हणून नोंदतो. जवळपास सारखी गोष्ट तो जुन्याच खणात टाकतो. (मोठ्यांनी फार हसू नये: याच अभ्यासात शिकागोत वर्षानुवर्षं राहिलेल्या फ्रेंच स्त्रियांचा फ्रेंच ‘त’ही इंग्रजीकडे झुकलेला सापडला होता. तुम्ही भारतात गेल्यावर “तुमचं मराठी जरा बदललंय” असं कोणी म्हटलं असेल, तर ते खरंही असू शकतं.)

आता चांगली बातमी. २०११ मध्ये चार्ल्स चँग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत वाढलेल्या, घरी मँडरिन ऐकलेल्या तरुणांचे उच्चार तपासले. मँडरिनचा ‘ऊ’ आपल्यासारखा मागचा आहे, इंग्रजीचा पुढे आलेला. मोठेपणी वर्गात मँडरिन शिकलेल्या लोकांपेक्षा घरी ऐकून वाढलेली ही मुलं दोन्ही भाषांमधला फरक अधिक खात्रीने सांभाळत होती. लहानपणी घरी पडलेले शब्द वाया जात नाहीत. तुमचं रोजचं “दूध पी गं” हे त्या खणाची पायाभरणी करत असतं.

आम्ही घरी काय केलं ते सांगतो, तुम्हीही करून बघा. पहिली गोष्ट, ‘चूक’ हा शब्द काढून टाकला. लेकीला सांगितलं, “तुझ्याकडे दोन ‘ऊ’ आहेत. एक शाळेचा, एक आजीचा. आजीकडे एकच आहे.” हे ऐकून तिचा चेहरा उजळला.

दुसरी गोष्ट, आरसा बाजूला ठेवला. ओठ तर बरोबरच आहेत, आरशात फरक दिसणारच नाही. “ओठ अजून गोल कर” हा सल्ला म्हणूनच लागू पडत नाही.

तिसरी गोष्ट, शिट्टी. ओठांनी शिट्टी वाजवताना सूर खाली आणायला जीभ आपोआप मागे जाते. जमेल तितकी खोल शिट्टी वाजवायची, जीभ तिथेच धरायची आणि आवाज काढायचा. जो ‘ऊ’ निघतो तो आजीचा. शिट्टी येत नसेल तर ‘खूप’पासून सुरुवात करा: ‘खूप… खू… ऊ…’ आणि तोच ‘ऊ’ धरून सावकाश ‘दू… ध’.

आणि मोबाइलवर आवाज मुद्रित करून संगणकावर प्रात हे मोफत सॉफ्टवेअर उघडलंत तर दुसरा फॉर्मंट डोळ्यांनी दिसतो. अ‍ॅम्स्टरडॅमच्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते बनवलं आहे. आमच्या लेकीने स्वतःचं, माझं आणि आजीचं ‘दूध’ शेजारी शेजारी लावून पाहिलं. माझी रेघ तिच्या आणि आजीच्या मध्ये होती. त्या दिवशी हसायची पाळी तिची होती.

मग आईला फोन केला. लेकीने आजीला तिचे दोन्ही ‘ऊ’ ऐकवले आणि म्हणाली, “आजी, आता तू माझा म्हण.” आईने चारपाच वेळा प्रयत्न केला. ‘द्यूध’, ‘दीऊध’, परत ‘दूध’. शेवटी दमून म्हणाली, “नाही बाई जमत मला. कसं काय म्हणतेस गं तू हे?”

आता रविवारी कॉलवर दूध परत दूध झालं आहे. कधी आजीचं, कधी शाळेचं. दोन्ही चालतं.